पाठमोरी स्त्री-आकृती आणि झिजलेला बर : एचिंग-ड्रायपॉइंटच्या एका आवृत्तीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका सामायिक मुद्राचित्र कार्यशाळेतले, म्हणजे धातूच्या पत्र्यावर चित्र कोरून त्याच्या प्रती कागदावर छापल्या जातात अशा ठिकाणचे आहे. त्यात तीन पक्ष होते : चित्र करणाऱ्या चित्रकर्ती, त्यांच्या पत्र्यावरून प्रती काढून देणारे अनुभवी मुद्रक आणि आपल्या सभासदांसाठी हे चित्र मर्यादित आवृत्तीच्या रूपाने काढून घेणारी एक कलासंस्था. तिघांची नावे व ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. तांत्रिक भाग कार्यशाळेच्या नोंदवहीवरून आणि तिन्ही पक्षांशी झालेल्या बोलण्यावरून लिहिला आहे.

संस्थेशी झालेला करार दिसायला साधा होता. तीस क्रमांकित प्रती, शिवाय चित्रकर्तींच्या स्वतःच्या तीन प्रती, सर्व एकाच कागदावर, एकाच शाईत आणि एकसारख्या. तीस हा आकडा संस्थेच्या सभासदांच्या संख्येवरून आला होता. चित्राशी त्याचा काही संबंध नव्हता. करारावर सह्या झाल्या तेव्हा चित्र एका पेन्सिल रेखाटनापुढे गेलेले नव्हते आणि ते कोणत्या तंत्राने होणार हेही ठरायचे होते. पुढे जे घडले त्याचे मूळ या क्रमात आहे.

विषय होता पाठमोरी बसलेली स्त्री. ती एका बुटक्या स्टुलावर बसली आहे, कमरेभोवती कापड सैल पडले आहे आणि एका हाताने तिने केस वर उचलून धरले आहेत, त्यामुळे मान उघडी पडली आहे. चेहरा दिसत नाही. या आकृतीचे जे काही म्हणणे आहे ते मान, खांद्याचे हाड आणि पाठीचा कणा एवढ्यातच सामावलेले आहे. चित्रकर्तींच्या मनात रेम्ब्रांटचे १६६१ मधले, हातात बाण घेतलेल्या स्त्रीचे चित्र होते. त्यातली विवस्त्र स्त्रीही पाठमोरी बसलेली आहे आणि तिथेही एचिंग, ड्रायपॉइंट व कोरणी ही तिन्ही साधने एकाच पत्र्यावर वापरली आहेत. त्यातला हात उंचावल्यामुळे पाठीवर येणारा ताण त्यांना हवा होता, पण रेखाटनातली मानेवरची सावली त्याहून मऊ, जवळजवळ मखमली अशी होती. ती मऊ सावली मिळवण्यासाठी त्यांनी ड्रायपॉइंट निवडला.

पत्रा आणि त्यावरचे काम

पुढचे निर्णय समजण्यासाठी या दोन तंत्रांतला फरक नीट मांडणे आवश्यक आहे. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर मेण व डांबरयुक्त ग्राउंडचा पातळ थर दिला जातो, सुईने तो थर तेवढा खरवडून चित्र काढले जाते आणि उघडे पडलेले तांबे फेरिक क्लोराईडसारखे द्रावण खाते. सुई धातूत शिरत नाही, रेषा द्रावण खोदते. ती पत्र्याच्या पृष्ठभागाखाली असते, तिची रुंदी बऱ्यापैकी सारखी राहते आणि तिची टोके बोथट असतात. ड्रायपॉइंटमध्ये द्रावणाचे काम नाही. टोकदार सुई सरळ तांब्यात ओढली जाते आणि नांगराच्या तासाकडेला माती उचलली जावी तसा सुईच्या बाजूने धातू वर उचलला जातो. या उचललेल्या कडेला कारागीर ‘बर’ म्हणतात. ड्रायपॉइंटची खोच फारशी खोल नसते; शाई धरून ठेवण्याचे काम मुख्यतः हा बर करतो आणि छापताना रेषेच्या आजूबाजूला जो मऊ, धूसर काळेपणा उमटतो तो त्याचाच असतो.

आवृत्तीच्या दृष्टीने कळीचा मुद्दा असा की खोदलेली रेषा पृष्ठभागाखाली सुरक्षित असते, तर बर पृष्ठभागाच्या वर उभा असतो. प्रत्येक प्रतीसाठी पत्र्यावर शाई चोपडली जाते, जाळीच्या कडक टार्लटन कापडाने ती पुसून घेतली जाते, मग ओलसर कागद आणि फेल्टचे थर ठेवून पत्रा प्रेसच्या रुळांखालून मोठ्या दाबाने जातो. पुसताना बर वाकतो आणि दाबाखाली दबतो. एचिंगची रेषा शेकडो प्रती सहज देते. तांब्यावरचा उघडा बर साधारण दहा-वीस प्रतींत आपले तेज गमावतो आणि नाजूक बर त्याच्याही आधी. एकाच पत्र्यावर ही दोन्ही कामे असली की चित्राचे दोन भाग वेगवेगळ्या गतीने म्हातारे होतात.

या पत्र्यावर बाह्यरेषा, स्टूल, कापडाच्या चुण्या आणि हाताची बोटे एचिंगने केली होती. केसांचा गडद पुंजका, मानेची खोलगट जागा, खांद्याच्या हाडाखालची सावली आणि कण्याच्या एका बाजूने उतरणारा काळा पट्टा ड्रायपॉइंटचा होता. त्यातही सुई दोन तऱ्हांनी धरली होती. खांद्यापाशी ती उभी होती, त्यामुळे रेषेच्या दोन्ही बाजूंना बुटका बर आला; केस आणि मान करताना ती बरीच कललेली होती, त्यामुळे एकाच बाजूला उंच, पातळ बर उभा राहिला. चित्रातला सर्वांत सुंदर काळा रंग या दुसऱ्या जागी होता आणि मोडण्याचा सर्वाधिक धोकाही तिथेच होता.

कामाच्या क्रमातही एक गोष्ट अशी घडली की तिचा परिणाम नंतर दिसला. एचिंग आणि ड्रायपॉइंट दोन्ही झाल्यावर काढलेल्या पहिल्या प्रुफात, म्हणजे चाचणीच्या प्रतीत, स्टूल आणि कापड फिके वाटले. चित्रकर्तींनी पत्रा पुन्हा ग्राउंडखाली घेतला, त्या रेषा आणखी खाऊ दिल्या आणि ग्राउंड धुऊन काढला. म्हणजे उभ्या बरावरून एकदा ग्राउंडचा रूळ फिरला आणि नंतर द्रावकात भिजवलेली चिंधी फिरली. त्यानंतर ड्रायपॉइंटमध्ये थोडी भर घालून आणखी काही प्रुफे काढली गेली. छपाईस मंजूर म्हणून चित्रकर्तींनी ज्या प्रतीवर सही केली, ती बर असलेल्या पत्र्यावरची पाचवी प्रत होती. ताज्या बराच्या पहिल्या चार प्रती चाचणीतच खर्ची पडल्या होत्या.

अडचण कशी उघड झाली

मुद्रकांची एक सवय इथे उपयोगी पडली. निघालेल्या प्रत्येक प्रतीच्या पाठीवर ते पेन्सिलीने छपाईचा अनुक्रम लिहितात. आवृत्तीत पुढे पडणारा क्रमांक छपाईच्या क्रमाशी जुळेलच असे नसते. टिपकागदांच्या थप्पीत वाळताना प्रती मागेपुढे होतात आणि सही करताना ज्या हाताला येतात त्या क्रमाने आकडे पडतात. पाठीवरच्या या नोंदीशिवाय नेमके कोठे काय बिघडले हे शोधणे अशक्य झाले असते.

पहिल्या सहा प्रती मंजूर प्रतीशी तंतोतंत जुळत होत्या. दुसऱ्या बैठकीत नवव्या प्रतीपुढे नोंदवहीत ‘हलके पुसणे’ अशी नोंद आहे, अकरावीपुढे ‘शाई घट्ट केली’ आणि बारावीपुढे ‘मलमलीने शाई ओढली’. म्हणजे केसांचा काळा रंग उतरतो आहे हे मुद्रकांच्या हाताला नवव्या प्रतीपाशीच जाणवले होते आणि ते हाताच्या कौशल्याने ती तूट भरून काढत होते. पुसताना पत्र्यावर शाईचा पातळ पापुद्रा राहू द्यायचा, किंवा पुसून झाल्यावर मऊ मलमल फिरवून रेषांतली शाई किंचित बाहेर ओढायची, या दोन्ही मान्य आणि जुन्या युक्त्या आहेत. अडचण एवढीच की त्या बराचे काम करत नाहीत, फक्त त्याची नक्कल करतात. मानेवरची सावली काळी दिसत राहिली, पण तिचा काठ गेला आणि जिथे उजेड हवा होता त्या खांद्यावरही करडेपणा पसरला.

चौदा प्रती झाल्यावर चित्रकर्ती सह्या करायला आल्या. मुद्रकांनी प्रती अनुक्रमाने टेबलावर मांडल्या. एकेक प्रत वेगळी पाहिली असती तर बहुधा कोणाच्याच लक्षात आले नसते. ओळीने मांडल्यावर मात्र झीज स्पष्ट दिसली. भिंगाखाली फरक आणखी उघड होता. दुसऱ्या प्रतीत मानेवरची प्रत्येक ड्रायपॉइंट रेषा शाईच्या दोन मऊ पट्ट्यांची होती आणि मधून बराच्या धारेने सोडलेली केसाएवढी पांढरी फट जात होती. तेराव्या प्रतीत त्याच जागी टोकांकडे निमुळती होत जाणारी एक बारीक, करडी रेघ उरली होती आणि तिच्याभोवती पुसण्यात राहिलेली शाई ढगासारखी पसरली होती. मुद्रकांनी त्यावर एकच वाक्य म्हटले : “शाईत दोष नाही, बर बसला आहे.”

चित्राच्या दृष्टीने याचा अर्थ केवळ रंग उतरला एवढाच नव्हता. एचिंगची बाह्यरेषा जशीच्या तशी काळी राहिली आणि तिच्या आतली सावली गेली. त्यामुळे आकृती फिकी होण्याऐवजी सपाट झाली. स्टूल आणि कापड पुढे आले आणि पाठ त्यांच्यामागे गेली. सुरुवातीच्या प्रतींत जी स्त्री स्वतःशी गुंतलेली वाटत होती, ती शेवटच्या प्रतींत चित्रासाठी बसवल्यासारखी दिसू लागली.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय होता तसेच पुढे जाण्याचा. संस्थेच्या प्रतिनिधीला चौदाही प्रती पुरेशा सारख्या वाटत होत्या आणि हाताने काढलेल्या प्रतींत थोडाफार फरक असायचाच असे त्यांचे म्हणणे होते. ते अर्धे खरे आहे. पुसण्यातला फरक प्रत्येक आवृत्तीत असतो आणि तो कोणी दोष मानत नाही, पण तो मागेपुढे होणारा फरक असतो. इथे फरक एकाच दिशेने जात होता. तिसाव्या प्रतीपर्यंत मान जवळपास कोरी झाली असती.

दुसरा पर्याय म्हणजे त्याच रेषांवरून पुन्हा सुई फिरवून बर उठवणे. हा सर्वांत सरळ वाटतो आणि बहुतेक वेळा सर्वांत वाईट ठरतो. सुई जुन्या खोचीत घसरते, खोच खोल होते आणि जुन्या बराच्या दबलेल्या कडांवर नवा बर कमीजास्त उंचीने उठतो. रेषा जाड आणि राकट होते. शिवाय अशा दुरुस्तीनंतरची प्रत ही आधीच्या प्रतीची भावंड नसते, ती पत्र्याची वेगळी अवस्था (पत्र्यावरचे काम बदलल्यानंतरचे चित्राचे नवे रूप) असते. दोन्ही एकाच अनुक्रमात घालणे म्हणजे खरेदीदाराला खोटे सांगणे.

तिसरा पर्याय पोलादी मुलाम्याचा होता. विद्युत्-विलेपनाने तांब्यावर काही मायक्रॉन जाडीचा लोहाचा थर दिला की बर कडक होतो आणि प्रतींची संख्या कितीतरी वाढते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हे तंत्र वापरात आहे. थर झिजून खालचे तांबे लालसर चमकू लागले की तो काढून पुन्हा देता येतो. पिकासोच्या १९०४-०५ च्या, सर्कशीतल्या लोकांवरच्या एचिंग व ड्रायपॉइंट पत्र्यांना असा मुलामा देऊनच पॅरिसचे चित्रविक्रेते अँब्रोज वोलार यांनी १९१३ मध्ये २५० प्रतींची आवृत्ती काढली. मुलाम्याआधीच्या मोजक्या प्रती मात्र आजही वेगळ्या आणि अधिक मोलाच्या धरल्या जातात. संस्थेला हा पर्याय पसंत होता, पण त्यात एक गैरसमज होता आणि तो फार प्रचलित आहे. मुलामा गेलेला बर परत आणत नाही. तो द्यायच्या क्षणी पत्र्यावर जे आहे तेच टिकवतो. चौदा प्रतींनंतर मुलामा दिला असता तर झीजच पक्की झाली असती.

चौथा पर्याय चांगल्या प्रतींवर आवृत्ती बंद करण्याचा होता. कलेच्या दृष्टीने तो निर्दोष होता आणि चित्रकर्तींचा कल सुरुवातीला त्याकडेच होता. पण सभासद तीस होते, त्यांनी पैसे आधीच भरले होते आणि दुसरे एखादे चित्र देऊ केले तर ते मूळ वचनाला धरून झाले नसते.

पाचवा पर्याय मुद्रकांनी मांडला : पत्र्याची ही अवस्था संपली असे जाहीर करायचे, चित्राचा पुन्हा विचार करायचा आणि दुसरी अवस्था म्हणून वेगळी, स्वतंत्र क्रमांकांची आवृत्ती काढायची. याला जुना आधार आहे. रेम्ब्रांटने ‘तीन क्रूस’ हा ड्रायपॉइंटचा मोठा पत्रा १६५३ मध्ये केला आणि पुढे तो झिजल्यावर जुने भरून काढत न बसता चौथ्या अवस्थेत आकृती बदलल्या, काही पुसल्या आणि सगळे दृश्य काळोखात ढकलले. झिजलेल्या पत्र्यातून त्याने दुसरेच चित्र काढले. अर्थात प्रत्येक झिजलेल्या पत्र्याला असे भाग्य लाभत नाही, आणि रेम्ब्रांटचे नाव घेऊन पत्र्याची साधी डागडुजी खपवण्याचे प्रकारही कमी नाहीत, हे इथे सांगितलेले बरे.

निर्णय आणि कृती

पाचवा पर्याय तत्त्वतः मान्य झाल्यावर पहिली अवस्था नेमकी कोठे तोडायची यावर खरा वाद झाला. संस्थेला चौदा हव्या होत्या. मुद्रक दहावर थांबायला तयार होते, कारण नववी आणि दहावी प्रत त्यांच्या मते देखणी होती. चित्रकर्तींनी आठ हा आकडा धरला. त्यांचे म्हणणे असे की प्रत देखणी आहे की नाही हा प्रश्नच नाही. मंजूर प्रतीत काळा रंग बरातून आला आहे आणि नववीपासून तो पुसण्यातून येतो आहे, म्हणून नववी ही मंजूर प्रतीची प्रत नव्हे. मला हा युक्तिवाद या प्रकरणातला सर्वांत स्पष्ट विचार वाटतो, कारण त्यामुळे तोडण्याची रेषा आवडीनिवडीवर न राहता नोंदवहीतल्या एका नोंदीवर आली. अखेर आठ प्रतींवर पहिली अवस्था बंद झाली. चौदावी प्रत कार्यशाळेच्या दप्तरासाठी ठेवली आणि नववी ते तेरावी या पाच प्रती फाडून टाकल्या.

दुसऱ्या अवस्थेसाठी चित्रकर्तींनी मान परत मिळवण्याचा हट्ट सोडला. केसांमधला दबलेला बर स्क्रेपरने कापून, बर्निशरने घोटून जागा शक्य तितकी सपाट केली. आता नाजूक बर शिल्लक नसल्यामुळे पत्रा निर्धास्तपणे पुन्हा ग्राउंडखाली घेता आला. केसांचा गडदपणा त्यांनी एचिंगच्या दाट, एकमेकींना छेदणाऱ्या रेषांनी केला आणि त्या टप्प्याटप्प्याने खाऊ दिल्या. ज्या रेषा फिक्या ठेवायच्या होत्या त्या आधीच वार्निशने झाकल्या, उरलेल्या अधिक वेळ द्रावणात राहिल्या. हे सगळे झाल्यावर, ग्राउंडचे काम पूर्ण संपल्यावरच, खांद्याच्या हाडाखाली आणि कण्यालगत नवा ड्रायपॉइंट केला, तोही जुन्या रेषांना आडवा, म्हणजे सुई जुन्या खोचीत अडकणार नाही. या वेळी सुई जवळजवळ उभी धरली होती.

एचिंगची प्रुफे ड्रायपॉइंटच्या आधीच काढून घेतली होती, त्यामुळे बर उठल्यावर फक्त एकच प्रत काढावी लागली. ती पाहून पत्रा मुलाम्यासाठी पाठवला. परत आल्यावर दुसरी प्रत काढून दोन्ही शेजारी ठेवल्या. फरक होता. मुलाम्याचा पत्रा तांब्यापेक्षा स्वच्छ पुसला जातो, त्यामुळे पार्श्वभूमीवरचा ऊबदार पापुद्रा कमी झाला आणि काळा रंग थोडा थंड वाटू लागला. मुद्रकांनी काळ्या शाईत किंचित तपकिरी मिसळली आणि शेवटचे पुसणे कापडाऐवजी तळहाताने केले. पोलादाला गंज चढतो, म्हणून दोन बैठकांच्या मधल्या काळात पत्र्यावर मेणाचा पातळ हात दिला जात असे. या अवस्थेच्या बावीस क्रमांकित प्रती निघाल्या. चित्रकर्तींनी स्वतःच्या तीन प्रतीही याच अवस्थेतून घेतल्या, पहिल्या अवस्थेतून एकही घेतली नाही.

प्रत्येक प्रतीच्या खालच्या समासात अवस्थेचा उल्लेख क्रमांकाबरोबर पेन्सिलीने लिहिला गेला : ‘पहिली अवस्था ३/८’, ‘दुसरी अवस्था ३/२२’. प्रत कोणी आणि कशी काढली हे प्रतीवरच लिहिण्याला मुद्राचित्रांत जुनी परंपरा आहे. मेरी कॅसॅट यांनी १८९०-९१ मधल्या स्त्रियांवरच्या आपल्या रंगीत ड्रायपॉइंट-ॲक्वाटिंट (राळेच्या भुकटीतून पत्रा खाऊ देऊन सपाट छटा उमटवण्याचे तंत्र) मालिकेत आवृत्ती पंचवीसच प्रतींची ठेवली होती आणि छपाई आपण व मुद्रक लरॉय यांनी मिळून केल्याचे प्रतींवर नमूद केले होते.

सभासदांना पाठवलेल्या पत्राचा मसुदा संस्थेने प्रथम गुळमुळीत केला होता. ‘तांत्रिक कारणास्तव आवृत्ती दोन भागांत’ एवढेच त्यात होते. चित्रकर्तींनी तो परत पाठवला. अंतिम पत्रात बर म्हणजे काय, तो कसा झिजला, दोन अवस्थांत चित्र नेमके कोठे बदलले आहे आणि दुसऱ्या अवस्थेला मुलामा दिला आहे हे सर्व लिहिले आणि दोन्हींची छायाचित्रे जोडली. सभासदांना पहिली अवस्था, दुसरी अवस्था किंवा रक्कम परत असे तीन पर्याय दिले. मागणी जास्त झाली तर चिठ्ठ्या टाकल्या जातील हेही आधीच कळवले.

निष्पत्ती

अपेक्षेप्रमाणे पहिल्या अवस्थेसाठी आठांपेक्षा बरेच जास्त सभासद पुढे आले आणि चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. दोघांनी रक्कम परत घेतली. त्यामुळे उरलेल्या दोन प्रती संस्थेने स्वतःच्या संग्रहात ठेवल्या. एका सभासदाने तक्रार केली की आपल्याला विकलेले चित्र हे नव्हेच, आणि कराराच्या शब्दांकडे पाहता ती तक्रार अवाजवी नव्हती. त्यांना चिठ्ठीत पहिली अवस्था मिळाली नव्हती. संस्थेने त्यांना दोन्ही अवस्था समक्ष दाखवल्या आणि त्यांनी दुसरी स्वीकारली. पण ही समजूत होती, उत्तर नव्हते.

चित्र म्हणून काय झाले यावर कार्यशाळेतच दोन मते आहेत. चित्रकर्तींना दुसरी अवस्था अधिक पूर्ण वाटते. पाठीचे वजन आता खरोखर स्टुलावर येते आणि कण्यालगतची आडवी सावली उजेडाची दिशा नक्की करते, असे त्या म्हणतात. मुद्रकांच्या मते जमलेली मान एकदाच जमली होती. दोन्ही प्रती शेजारी ठेवल्यावर मी मुद्रकांच्या बाजूला झुकतो. दुसऱ्या अवस्थेतले केस चांगले काढलेले आहेत, पण त्या प्रत्येक रेषेचा काठ मोजता येतो; पहिल्या अवस्थेत केस कोठे संपले आणि मानेवरची सावली कोठे सुरू झाली हे सांगता येत नव्हते आणि उचललेल्या हाताचा सगळा अर्थ त्या न सांगता येण्यात होता. पाठ मात्र दुसरीतच चांगली आहे, हे चित्रकर्तींचे म्हणणे मान्य करावे लागते.

काय वेगळे करता आले असते

आकडा आधी आणि चित्र मागून, हा क्रम उलटा असायला हवा होता. ज्या पत्र्यावर ड्रायपॉइंट आहे त्याची आवृत्ती ड्रायपॉइंट ठरवतो, एचिंग नव्हे. आणि किती प्रती मिळतील हे मंजूर प्रत निघाल्यावरच प्रामाणिकपणे सांगता येते. संस्थेला आधी आकडा हवाच असेल तर करारात ‘जास्तीत जास्त तीस’ असा शब्दप्रयोग आणि अवस्था बदलल्यास काय करायचे याचे एक कलम, एवढ्याने बराच त्रास वाचला असता. त्याच तांब्याच्या तुकड्यावर, त्याच सुईने, त्याच दोन तऱ्हांनी काही रेषा ओढून तो तुकडा वारंवार छापून पाहिला असता तरी कललेल्या सुईचा बर किती टिकतो हे पत्र्याला हात लावण्याआधी कळले असते.

कामाच्या क्रमाबद्दल फारसा वाद नाही. एचिंग पूर्ण, त्याची प्रुफे पूर्ण, आणि मगच ड्रायपॉइंट. पहिल्या अवस्थेत स्टुलाच्या रेषा पुन्हा खाऊ देण्यासाठी उभ्या बरावरून ग्राउंड फिरवला गेला, त्याने नेमके किती नुकसान झाले हे सांगता येणार नाही, पण तो धोका पूर्णपणे टाळण्यासारखा होता.

मुलामा पहिल्याच मंजूर प्रतीनंतर दिला असता तर तीस प्रती एकाच अवस्थेत निघाल्या असत्या आणि हे प्रकरण घडलेच नसते, असे संस्थेचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे. फक्त त्या तीसही प्रती किंचित थंड, किंचित स्वच्छ निघाल्या असत्या. मखमली काळ्यासाठी निवडलेल्या तंत्राला मुलामा द्यावा की आठ प्रतींवर समाधान मानावे, हा निर्णय चित्रकर्तींनी घ्यायचा होता आणि तो त्यांच्यापुढे वेळेवर आलाच नाही. मुद्रकांनी नवव्या प्रतीला, पुसण्याची पद्धत बदलण्याआधी, काम थांबवून विचारले असते तर तो तिथेच आला असता. त्यांच्या हातातले कौशल्य इथे आड आले : कमी सराईत मुद्रकाची नववी प्रत सरळ फिकी निघाली असती आणि काम आपोआप थांबले असते. त्या कार्यशाळेत आता पुसण्यात किंवा शाईत बदल करावासा वाटला की पुढची प्रत काढण्याआधी मंजूर प्रतीशी भिंगाखाली तुलना करून ती नोंदवण्याची पद्धत ठेवली आहे.

फाडलेल्या पाच प्रतींबद्दल माझे मत वेगळे आहे. त्या विकायच्या नव्हत्या हे ठीक. पण आठवीपासून चौदावीपर्यंतची सलग ओळ हा बर कसा मरतो याचा दुर्मिळ पुरावा होता. पाठीवर ‘आवृत्तीबाहेर’ असा शिक्का मारून आणि सही न करता त्या दप्तरात ठेवता आल्या असत्या. आज तिथे फक्त दोन टोके उरली आहेत.

शेवटचा प्रश्न पत्र्याचा आहे. आवृत्ती संपल्यावर पत्रा रद्द करण्याची, म्हणजे त्यावर आडव्या रेघा मारून तशी एक प्रत काढून ठेवण्याची, प्रथा आहे. करारात त्याचा उल्लेख नव्हता आणि चित्रकर्ती आकृतीवर रेघा मारायला तयार नव्हत्या. पोलादी मुलामा असलेल्या पत्र्यावरून आणखी बऱ्याच प्रती निघू शकतात, त्यामुळे पुढेही प्रती काढल्या जातील ही सभासदांची शंका रास्त होती. तोडगा असा निघाला : मुलामा उतरवला, आकृतीला धक्का न लावता खालच्या कोपऱ्यात कोरणीने एक खूण खोल कोरली, त्या खुणेसह एक प्रत काढून संस्थेकडे ठेवली आणि यापुढे या पत्र्यावरून निघणाऱ्या कोणत्याही प्रतीवर ती खूण असेल, असे चित्रकर्तींनी सहीनिशी लिहून दिले. पत्रा त्यांच्याकडेच आहे.